या विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर नाही

वायव्य ऑस्टिनमधल्या आमच्या वसाहतीतल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

एचओएच्या, म्हणजे आपल्या घरमालक संघाच्या, वार्षिक सभेची सूचना तुमच्याही टपालपेटीत येऊन पडली असेल. बहुतेकांनी ती न वाचताच रिसायकलिंगमध्ये टाकली असणार. एरवी मीही तेच करते. या वेळी मात्र सातवा विषय वाचा. आपल्या बॅकयार्डांच्या मागे, प्रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव रानाच्या, तारेच्या कुंपणाच्या अलीकडे एचओएचा जो मोकळा पट्टा आहे, त्यात फायर अँट या डसणाऱ्या मुंग्या मारायला वर्षातून दोनदा विषारी दाणे पेरायचे, असा ठराव आहे. त्यालाच जोडून आणखी एक ओळ आहे: कुंपणापलीकडची गुहेभोवतीची जागा 'विनावापर पडून' आहे, ती रहिवाशांना खेळायला खुली करावी अशी मागणी करायची. ही दुसरी ओळ कुठून आली ते आपण सगळेच जाणतो. क्रिकेटच्या नेटसाठी जागा शोधता शोधता ती आपल्याच मंडळींना सुचली. म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय, आणि एचओएला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

दोन्ही ओळींच्या विरोधात मत द्या, एवढीच विनंती आहे.

परवा एक काका मला म्हणाले, "अगं, चार मिलिमीटरच्या किड्याला शंभर एकर, आणि आपल्या पोरांना बावीस यार्ड नाहीत?" वाक्य झकास होतं, मीही हसले. उत्तर मात्र, नेहमीप्रमाणे, घरी पोचल्यावर सुचलं. काका, ते आता देते. जरा लांबेल.

तो किडा म्हणजे टूथ केव्ह स्यूडोस्कॉर्पियन. शास्त्रीय नाव टार्टारोक्रिएग्रिस टेक्साना. टार्टारस हे ग्रीकांचं पाताळ. आपण त्याला छद्मविंचू म्हणू. पुढे विंचवासारखे दोन चिमटे आहेत, मागे शेपूट नाही, त्यामुळे नांगीही नाही. जे काय विष आहे ते चिमट्याच्या टोकाशी, आणि तेही त्याच्याहून बारक्या जिवांपुरतं. लांबी सुमारे ४ मिलिमीटर, म्हणजे तिळाहून जरा मोठा. डोळे नाहीत. ज्या अंधारात तो राहतो तिथे डोळ्यांचा उपयोगही नाही. त्याऐवजी दर चिमट्यावर बारा लांब, नाजूक केस असतात. शेजारून कोणी गेलं की हवा हलते, केस हलतात, आणि पाहुणा कुठल्या बाजूने आला ते याला कळतं.

याचा एक लांबचा भाऊ तुमच्यापैकी कोणीतरी नक्की पाहिला असेल. गॅरेजमधलं जुन्या पुस्तकांचं खोकं मी मागच्या हिवाळ्यात उघडलं, तेव्हा एका शब्दकोशाच्या शिवणीतून चपटा तपकिरी ठिपका बाहेर आला. मी फुंकर मारली, तर दोन्ही चिमटे वर उगारून तो सरळ उलटा, मागच्या मागे पळाला. छद्मविंचू हे असंच करतात. पुढे चालतात सावकाश, पण घाबरले की पाठीमागे सुसाट. हा पुस्तकातला छद्मविंचू कागद कुरतडणाऱ्या बारक्या किड्यांवर जगतो, माणसाला काही करत नाही. मी त्याला परत शब्दकोशात जाऊ दिलं. या कुळाचा सर्वांत जुना जीवाश्म न्यू यॉर्क राज्यात सापडला आहे, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर येऊन गेले, हे आहेत तिथेच आहेत. आज जगभरात यांच्या चार हजारांहून जास्त जाती माहीत आहेत, आणि जबड्यातून रेशीम काढून त्याची खोली विणायची आणि तिच्यात बसून कात टाकायची, ही युक्ती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे. आया अंडी पोटाखालच्या पिशवीत घेऊन फिरतात. हे सगळं सांगायची खरं तर गरज नव्हती, पण ज्याच्याबद्दल मत द्यायचं त्याला निदान ओळखावं तरी.

आता मुद्दा. आपल्याकडे म्हणतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ते आपल्याला लागू पडतं. आमच्याच घरात बघा, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नऊ वर्षांत तीन शहरं झाली, चौथ्यांदा ट्रक भरून इथे आलो. या विंचवाला ते लागू नाही. ऑस्टिनच्या वायव्येचा हा जॉलीव्हिल पठाराचा चुनखडक नाल्यांनी आणि खोऱ्यांनी चिरलेला आहे. खडकातल्या फटींमध्ये वर्षभर एकसारखा ओलावा आणि एकसारखं तापमान असतं. बाहेरच्या ऑगस्टमध्ये हा जीव उघड्यावर आला तर वाळून मरेल. त्यामुळे पलीकडच्या टेकडीवर कितीही चांगली गुहा असो, मधलं खोरं ओलांडून तो तिथे जाऊ शकत नाही. १९८८ साली फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने, म्हणजे केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने, त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं, तेव्हा तो फक्त दोन गुहांमधून माहीत होता: टूथ केव्ह आणि अंबर केव्ह. दोन्ही आपल्या ट्रॅव्हिस काउंटीतल्या. त्याच दिवशी आणखी चार गुहावासी यादीत आले: एक कोळी, एक कोळ्यासारखा दिसणारा लांबपायांचा हार्व्हेस्टमन आणि दोन भुंगेरे. त्यातल्या एका भुंगेऱ्याच्या नावात पर्सेफोनी आहे, पाताळाची राणी. ही नावं ठेवणाऱ्या मंडळींना अंधाराची भलतीच आवड दिसते.

मग काकांचे शंभर एकर कशाला? हा आकडा हवेतला नाही. गुहेतल्या जिवांसाठी उत्तम प्रतीची राखीव जागा किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर असावी, असं सर्व्हिसचंच मार्गदर्शन आहे. (आपल्या मागचा तुकडा तेवढाही नाही, जेमतेम अठरा-वीस एकरांचा आहे.) पण ती जागा त्याला राहायला नकोच आहे. राहायला त्याला बोटभर फट पुरते. ती जागा म्हणजे त्याचं स्वयंपाकघर आहे.

गुहेत ऊन नाही. ऊन नाही म्हणून झाड नाही, झाड नाही म्हणून तिथे काही पिकत नाही. जे खायचं ते सगळं वरून आलं पाहिजे. पावसात वाहून आलेला पालापाचोळा, छतातून खाली उतरलेली मुळं, रॅकूनची लेंडकं, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रातकिडे. हे आपल्या दिवाणखान्यात किर्रकिर्र करणारे नव्हेत. लांब तंगड्यांचे, बिनपंखांचे, मुके गुहेतले रातकिडे. दिवसभर ते गुहेच्या छताला लटकून असतात, रात्री बाहेर येऊन चरतात आणि पहाटेआधी परत जातात. त्यांची विष्ठा, त्यांची अंडी, त्यांची मेलेली शरीरं यांवर गुहेतली बारकी जनावळ पोसली जाते, आणि त्या जनावळीवर छद्मविंचू. म्हणजे रातकिड्याला डबेवाला समजा. डबेवाल्याचा रस्ता बंद केला तर कचेरीतला माणूस उपाशी राहतो, त्याच्या कचेरीला कुलूप न लावताही.

हा रस्ता किती लांब, तेही मोजलेलं आहे. किलीनजवळच्या लष्करी तळावर संशोधकांनी रातकिड्यांवर खुणा करून रात्री त्यांचा माग काढला. बहुतेक जण गुहेच्या तोंडापासून ४० मीटरच्या आत चरत होते, पण काही १०५ मीटरपर्यंत गेले होते. १०५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर साडेआठ एकर होतात, नुसत्या चरण्याचे. त्याच्या भोवती झाडी हवी, कडेकडेने घुसणाऱ्या गोष्टी आत पोचू नयेत म्हणून आणखी अंतर हवं, आणि पावसाचं पाणी जिथून झिरपतं तो उतार हवा. आपल्या गुहेचं तोंड त्या मोकळ्या पट्ट्यापासून साधारण दोनशे फुटांवर आहे. १०५ मीटर म्हणजे जवळजवळ साडेतीनशे फूट. आता कळलं असेल सातव्या विषयाचे दाणे कोणाच्या ताटात पडणार आहेत ते.

हे मी ऐकीव सांगत नाही, आणि हात स्वच्छ आहेत असंही नाही. इथे राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी धाकट्याच्या पावलाला फायर अँट डसल्या. बावीस फोड मोजले मी. दुसऱ्या दिवशी दुकानातून पिवळ्या दाण्यांची पिशवी आणली, लॉनवर टाकली, पट्ट्यात टाकली, आणि कुंपणाला लागून पलीकडे एक वारूळ दिसत होतं म्हणून तारेवरून मूठभर तिकडेही भिरकावली. प्रिझर्व्हच्या एका कर्मचाऱ्याने ते पाहिलं. ओरडला नाही. "संध्याकाळी वेळ असेल तर या," एवढंच म्हणाला. त्या दिवशी त्यांची रातकिडे मोजायची पाळी होती.

एरवी आत जायला परवानगी नाही, त्यामुळे गुहेचं तोंड मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. प्रत्यक्षात जुनिपरच्या झाडाखाली कमरेइतकं रुंद एक भोक, त्यावर लोखंडी गजांचं दार. गजांमधलं अंतर मुद्दाम रॅकून जाईल इतकं आणि माणूस जाणार नाही इतकं. आम्ही डोक्याला लाल दिवे लावून दगडांवर बसलो. बोलायचं नाही. सूर्य मावळून बराच वेळ झाला तरी काही नाही. मग गजाच्या कडेवर दोन लांब मिशा दिसल्या, बराच वेळ नुसत्या मिशाच. त्यांनी हवा चाचपली आणि मग एक फिकट तपकिरी रातकिडा वर आला. त्याच्यामागे दुसरा. मग मोजणाऱ्याच्या हातातला काउंटर टिकटिक करायला लागला आणि थांबेचना. अगदी छोट्या पिल्लांपासून माझ्या अंगठ्याएवढ्या मोठ्यांपर्यंत, एकाही पायाचा आवाज नाही. परतताना आम्ही कुंपणाच्या बाजूने आलो. तिथे पानांवर एक मोठा रातकिडा बसला होता आणि त्याच्या तोंडात पिवळा दाणा होता. माझाच.

तो दाणा म्हणजे काय, ते मी नंतर पिशवीवर वाचलं आणि विचारलंही. मक्याचा भरडा सोयाबीनच्या तेलात भिजवतात आणि त्यात विष असतं. मुंगीला तेल आवडतं म्हणून ती तो घरी नेते. रातकिड्यालाही तेल आवडतं आणि तोही घरी नेतो. फरक इतकाच की त्याचं घर गुहेत आहे.

यावर तुम्ही म्हणाल, मग फायर अँटला मोकळं सोडायचं का? अजिबात नाही. फायर अँट ही या गुहांचीही शत्रू आहे. दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबाईल बंदरात ती उतरली आणि तिथून पसरत टेक्सासला पोचली. ती रातकिड्यांचं खाणं पळवते, गुहेत शिरून आतले जीव खाते. पण तिला दाट झाडीखाली करमत नाही. तिला हवी असते उकरलेली, उन्हातली, नीट कापलेली, पाणी मारलेली जमीन. थोडक्यात, आपली लॉनं. प्रिझर्व्हमधून मुंग्या आपल्याकडे येतात असं सातव्या विषयाच्या टिपणीत लिहिलंय, ते उलटं आहे. मुंग्यांचा पुरवठा आपण करतो. कुंपणापलीकडची झाडी तोडून मैदान केलं, तर मुंग्यांना गुहेच्या तोंडापर्यंत पायघड्या घातल्यासारखं होईल.

'विनावापर' या शब्दावरही थोडं बोलायला हवं, कारण तो शब्द मला सगळ्यात जास्त लागला. या परिसरात ६२० आणि २२२२ या रस्त्यांजवळ २१६ एकरांची एक जमीन होती. मालकांनी ती १९८३ साली घेतली होती, तिथे दुकानं-घरं बांधायची होती. जमिनीखालच्या गुहांमध्ये हे यादीतले जीव निघाले. बांधकाम अडलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि आपला छद्मविंचू चक्क खटल्याच्या कागदपत्रांत आला. मालकांचा युक्तिवाद कल्पक होता: केंद्र सरकारला अधिकार आहे आंतरराज्य व्यापारावर, आणि हे किडे ना टेक्सासबाहेर जातात, ना कोणी त्यांची खरेदी-विक्री करतं, मग केंद्राचा संकटग्रस्त जातींचा कायदा त्यांना लावायचाच कसा? खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तो पटला. २००३ साली फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने तो फेटाळला. एकेका जातीला सुटं काढून तिचा बाजारभाव विचारायचा नाही, जाती एकमेकींवर अवलंबून असतात, तेव्हा कायद्याकडे सगळा मिळून बघायचं, असा कोर्टाचा रोख होता. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. रातकिड्यांची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला तो निकाल समजायला वकील लागत नाही.

आणि दुसरं असं की ही जागा आपल्या घरांच्या बदल्यात राखलेली आहे. १९९२ साली ऑस्टिनच्या मतदारांनी या प्रिझर्व्हच्या जमिनींसाठी २ कोटी २० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. १९९६ साली शहर आणि काउंटीला मिळून तीस वर्षांचा परवाना मिळाला. सौदा साधा होता: किमान ३०,४२८ एकर आणि ६२ गुहा सांभाळा, आणि त्या बदल्यात बाकीच्या जमिनीवर बांधकाम करू द्या. सहा गुहावासी जाती आणि दोन पक्षी यांच्या नावावर हा करार झाला. आपल्या वसाहतीचे नकाशे याच सौद्यामुळे मंजूर झाले. घर ताब्यात घेताना सह्या केल्या त्या गठ्ठ्यात हे कागद आहेत, मी शोधून काढले, कोणाला हवे असतील तर दाखवते. सोसायटीत फ्लॅट घ्यायचा, आणि मग जिन्याखालची जागा विनावापर आहे म्हणून तिथे दुकान टाकायचं, असं कोणी केलं तर आपणच भांडायला जाऊ ना?

पाण्याची भीती मी तुम्हाला घालणार नाही. आपल्या नळाला लेक ट्रॅव्हिस आणि लेक ऑस्टिनचं पाणी येतं, गुहेतलं नाही. पण पठारावर पडलेला पाऊस याच भोकांतून, याच फटींतून खाली जातो आणि बुल क्रीक या ओढ्याच्या बाजूने झऱ्यांना येतो. त्या झऱ्यांमध्ये जॉलीव्हिल पठाराचा सॅलमँडर, पालीसारखा दिसणारा उभयचर, राहतो, जो २०१३ पासून स्वतःच यादीत आहे. तेव्हा स्विमिंग पूलचं क्लोरीनचं पाणी मागच्या उतारावर सोडणाऱ्यांनी, कोण ते मी लिहीत नाही, कृपया थांबावं. आणि पूल खणताना खाली पोकळी लागली तर काम थांबवून कळवायचं असतं. रात्रीतून तिच्यात काँक्रीट ओतायचं नसतं. ते एकदा आपल्याच वसाहतीत झालं आहे. कंत्राटदाराला शनिवारच्या आत पूल भरून द्यायचा होता म्हणे. त्या पोकळीत काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

मुंग्यांवर उपाय आहे आणि तो प्रिझर्व्हवाले स्वतः वापरतात: उकळतं पाणी. एका वारुळाला दोन-तीन गॅलन, सकाळी गारव्यात, जेव्हा राणी वरच्या बाजूला असते. वारूळ आधी काठीने डिवचू नका, नाहीतर मुंग्या राणीला खाली नेतात. एका ओतण्यात दहापैकी साधारण सहा वारुळं मरतात, उरलेल्यांवर आठवड्याने पुन्हा. दाण्यांपेक्षा हे कष्टाचं आहे, मान्य. घरापुढच्या लॉनमध्ये, गुहेच्या विरुद्ध बाजूला, दाणे वापरायचेच असतील तर सकाळी टाका आणि मुंग्यांनी न नेलेले संध्याकाळच्या आत झाडून उचला. रातकिडे दिवसा बाहेर येत नाहीत.

नेटसाठी जागेचं मी आणि आणखी दोघींनी बोलणं सुरू केलं आहे. जवळच्या एका शाळेचं मागचं मैदान रविवारी सकाळी मिळू शकेल, भाडं थोडं आहे. माझ्या मोठ्या लेकीने त्या कुंपणाच्या प्रकरणावर आधीच निकाल देऊन टाकला आहे: "आई, ती जागा आधीच क्रिकेटसाठी राखीव आहे." तिच्या इंग्रजीत रातकिड्याला क्रिकेटच म्हणतात.

सभा मंगळवारी संध्याकाळी सात वाजता. येता येणार नसेल तर मुखत्यारपत्राचा कागद सूचनेच्या मागच्या पानावर आहे, सही करून माझ्या दारात टाका. सातव्या विषयाला 'नाही'ची चौकट.

त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी साडेसातला पट्ट्यातली वारुळं उकळत्या पाण्याने मारायची आहेत, एचओएच्या मॅनेजरची लेखी परवानगी घेतली आहे. कुंपणापलीकडे आपण जायचं नाही, तिकडचं त्यांची माणसं बघतील. गणपतीत मसालेभाताला काढतो ती मंडळाची दोन मोठी पातेली लागतील. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारी रात्रीच काढून ठेवावीत. टर्की तळायचे प्रोपेनचे बर्नर दोन घरांत आहेत, तिसरा मिळाला तर बरं. बंद बूट, जाड हातमोजे, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. चपला घालून आलेल्यांना परत पाठवेन, काका, तुम्हालासुद्धा.

आपली,
कुंपणाला लागून असलेल्या शेवटच्या घरातली शेजारीण